मौन आणि अबोला

मासिकासाठी काहीतरी लिहून द्या, असे मराठी विभागाच्या सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. पण सरांनी मला हेरलेच. "तू मे महिन्यात योगशिबिराला जाऊन आलास ना? त्यावर लिही. दहा दिवस राहून आलास, म्हणजे काहीतरी मिळवून आलाच असशील," ते म्हणाले. काय मिळवून आलो, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळत आहे. प्रमाणपत्र मिळाले, ते कपाटात आहे. बाकीचे सांगायचे तर थोडी घरची गोष्ट सांगावी लागेल. ती छापायला देताना संकोच वाटतो; पण ती वगळून लिहिले तर नुसते वेळापत्रक उरेल.

आमचे घर अनगोळला. बाबा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. पी. यू. सी. झाल्यावर मी इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला होता. त्यासाठी बाबांनी बँकेचे कर्ज काढले. वर्ष संपताच मी ते सोडले आणि इथे बी. ए. ला नाव घातले. "मला साहित्याची आवड आहे," असे घरी सांगितले. बाबा एवढेच म्हणाले, "तुझं तू बघ." त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला आणि बघता बघता त्याला आठ महिने झाले.

आमच्या घरात एकंदर माणसे तीन. त्यांतली दोन एकमेकांशी बोलत नसली म्हणजे तिसऱ्याचे काय हाल होतात, ते माझ्या आईला विचारावे. "त्याला विचार, गॅसचा नंबर लावलाय काय," असे बाबा म्हणत. मी समोरच भाकरी खात बसलेला असे. आई माझ्याकडे बघे. "लावला म्हणून सांग," असे मी म्हणे. आई पुन्हा बाबांकडे बघे. तीन माणसांच्या स्वयंपाकघरात निरोप असा फिरून जाई, जणू बाबा कोल्हापुरात आहेत आणि मी धारवाडात. अबोल्यालाही एक शिस्त असते. कोणी कोणत्या वेळी कोणत्या खोलीत असायचे हे न ठरवता ठरून जाते. बाबांची पहिली पाळी सात वाजता सुरू होते. त्यांच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला की मग मी गच्चीवरून खाली उतरत असे.

गच्चीवर मी आसने करीत असे. त्याच वर्षी जिमखान्यात हा नाद लागला आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. हलासन, धनुरासन, मयूरासन सगळे जमू लागले. आता साधना आणखी सखोल करावी, असे मी सगळ्यांना सांगत होतो. लोणावळ्याकडे दहा दिवसांचे निवासी शिबिर असल्याचे कळले. आईने भिशीतून पैसे काढून दिले. साधना सखोल करायची होती हे खरेच. पण दहा दिवस घराबाहेर राहायला मिळणार, हेही तितकेच खरे होते.

रात्रीच्या बसने पुणे आणि तिथून लोकलने मळवली. स्टेशनावर उतरले की लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले शेजारी शेजारी उभे दिसतात. शिबिराची जागा तिथून चालत अर्ध्या तासावर, एका टेकडीच्या पायथ्याशी होती. दोन बैठ्या इमारती, मध्ये अंगण, मागे आंब्याची झाडे. कचेरीत नाव लिहिले आणि मोबाईल जमा केला. तो दहाव्या दिवशीच परत मिळणार होता. खोलीत माझ्याबरोबर धारवाडचे एक निवृत्त हेडक्लार्क होते. पासष्टीचे गृहस्थ, पांढरे धोतर, कपाळाला विभूती. मी बेळगावचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मग आपण शेजारीच की! ऊटा आतेन्री?" असे त्यांनी विचारले. माझे कन्नड शाळेत शिकलेले आणि बाजारात घासलेले. त्यांचे मराठी धारवाडी. ते मला 'तम्मा' म्हणू लागले आणि मी त्यांना काका.

पहाटे साडेचारला घंटा होई. सर्वांत आधी जलनेती. पाणी उकळून कोमट करायचे, अर्ध्या लिटरला लहान चमचाभर मीठ घालायचे आणि नळीच्या लोट्याने एका नाकपुडीत धरायचे. तोंडाने श्वास घेत राहिले की ते दुसऱ्या नाकपुडीतून आपोआप बाहेर पडते. पहिल्या दिवशी मी तोंड मिटले आणि नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला. तीस शिबिरार्थींतला स्पर्धेत नंबर काढलेला एकमेव मनुष्य अंगणात डोळे पुसत खोकत उभा होता. नेतीनंतर आसने, न्याहारीला नाचणीचे आंबील, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी प्राणायाम आणि नऊला दिवे बंद.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. साठीच्या पुढच्या, काटक, सुती नऊवारी नेसलेल्या. एके काळी त्या लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकल्या होत्या. पहिल्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या ओळीत बसलो. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्यांना टेकवले आणि ताई येण्याची वाट बघत राहिलो. त्या आल्या. थोडा वेळ जवळ उभ्या राहिल्या. "छान," त्या म्हणाल्या, "आता श्वास घे."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी श्वास रोखून धरला आहे. त्यानंतर मी नुसते तेवढेच बघू लागलो. प्रत्येक आसनात तीच गत. हात पाय जागेवर जात, आणि श्वास मात्र आत कोंडलेला. स्पर्धेत परीक्षक कोन बघतात, तोल बघतात. श्वास बघायला कोणी येत नाही. ताई म्हणाल्या, "पतंजलींची सूत्रं सगळी मिळून दोनशेच्या आसपास. त्यांत आसनावर किती, माहीत आहे? जेमतेम तीन. आणि त्यांत कुठंही वाकायला सांगितलेलं नाही. स्थिर बसा, सुखानं बसा, एवढंच." मला राग आला. तिसऱ्या दिवशी त्यांना दाखवून द्यावे म्हणून सगळे उठून गेल्यावर मी एकट्यानेच शीर्षासन लावले आणि ते वाजवीपेक्षा फार वेळ धरले. उतरताना मान धरली. दुसऱ्या दिवशी ती डावीकडे वळेना.

ताई रागावल्या नाहीत. "आता चार दिवस तुला एकच आसन, शवासन," असे म्हणून त्या पुढे गेल्या. मला ती शिक्षाच वाटली. पुढे व्याख्यानात त्यांनी सांगितले की हठप्रदीपिकेत आसने पंधराच आहेत आणि त्या पंधरांत शवासनाला जागा आहे. तेव्हा थोडे बरे वाटले.

त्या दुपारच्या व्याख्यानांतल्या दोन गोष्टी आपल्याकडच्या वाचकांना आवडतील म्हणून सांगतो. पहिली स्वामी कुवलयानंदांची. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. बडोद्याला प्रा. माणिकरावांकडे ते व्यायाम शिकले आणि पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग. गुरूने शिकवले ते त्यांनी श्रद्धेने घेतले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. शरीरात नेमके काय घडते हे त्यांनी क्ष-किरण यंत्राने आणि दाब मोजण्याच्या उपकरणांनी तपासले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले आणि त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूचेच नाव दिले. १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. तेच साल आपल्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे, म्हणजे ज्यावरून काँग्रेस रोडला नाव पडले त्याचे.

दुसरी गोष्ट व्याख्यानातली नव्हे, ती काकांनी रात्री खोलीत सांगितली. बी. के. एस. अय्यंगार हे मूळचे कोलारकडच्या बेळ्ळूरचे, जन्म १९१८ चा. लहानपणी अत्यंत अशक्त; हिवताप, विषमज्वर, क्षय सगळे होऊन गेलेले. म्हैसूरला त्यांच्या बहिणीचे यजमान कृष्णम्माचार्य यांच्याकडे ते योग शिकले. पुढे त्यांच्याबरोबर ते आपल्या भागात प्रात्यक्षिकांसाठी आले, तेव्हा बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांनी त्यांचे काम पाहिले. डॉक्टर निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि १९३७ साली त्यांच्याच प्रयत्नाने हा अठरा वर्षांचा मुलगा पुण्याला शिकवायला आला. मराठीचा त्याला गंध नव्हता. पण तो तिथेच राहिला, १९७५ साली तिथे त्याची संस्था उभी राहिली आणि २०१४ साली तिथेच त्याचा देह पडला. "बघ तम्मा," काका म्हणाले, "मनुष्य कन्नड, गाव मराठी, आणि दोघांची गाठ घालून दिली बेळगावनं." ही गोष्ट सांगताना त्यांना इतका आनंद झाला की दिवे बंद होऊनही ते बराच वेळ बोलत होते. त्यांना बोलायला फार आवडे. जेवताना, भाजी चिरताना, रांगेत, कुठेही ते माणूस गाठून बोलत.

सातवा आणि आठवा दिवस मौनाचा होता. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, चिठ्ठी लिहायची नाही, वाचायचे नाही. आदल्या संध्याकाळी ताईंनी समजावून सांगितले की गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचे, वाणीचे आणि मनाचे अशी तीन तपे सांगितली आहेत. "मौन कुठल्या तपात येत असेल?" त्यांनी विचारले. आम्ही सगळेच म्हणालो, वाणीच्या. "नाही. ते मनाच्या तपात घातलंय. का, ते दोन दिवसांत कळेल."

मी मनात हसलो. आठ महिन्यांचा माझा सराव होता! आसनात पहिला नंबर हुकला. मौनात तो आपलाच.

पहिला दिवस खरोखरच सोपा गेला. निदान तोंड उघडले नाही. पण संध्याकाळी प्राणायामाला डोळे मिटून बसलो आणि चकितच झालो. श्वास घेताना चार आणि सोडताना आठ मोजायचे होते. मी दोनपर्यंत मोजी आणि तिथून बाबांशी बोलणे सुरू होई. 'तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का? कर्ज काढायला मी सांगितलं होतं का?' दिवसभर हेच चालले होते. जेवताना तेच, झाडलोट करताना तेच. वकील मी, साक्षीदार मी आणि न्यायाधीशही मीच. बाबांना मात्र त्या कोर्टात तोंड उघडायची परवानगी नव्हती. आठ महिने मी गप्प होतो असे मला वाटत होते. खरे म्हणजे आठ महिने मी एक क्षणही गप्प बसलो नव्हतो. बंद होते ते फक्त तोंड.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रमदानात तांदूळ निवडायला बसलो. सहा जण, सहा सुपे. कोणी बोलत नाही. तांदळाचा सरसर आवाज आणि बाहेर उन्हात एक भारद्वाज घुमत होता. अर्ध्यापाऊण तासाने डोक्यातला खटला आपोआप थकला. बोलून बोलून माणूस थकतो तसा. आणि त्या रिकाम्या जागेत एक जुनी संध्याकाळ आली. मी ती बोलावली नव्हती.

मी इंजिनिअरिंग सोडले ती संध्याकाळ. बाबा पाळीवरून आले होते, हात धुतले होते. पण नखांत वाळूची काळी रेघ तशीच होती. "कशाला सोडलास?" त्यांनी विचारले. मी बोललो नाही. त्यांनी पुन्हा विचारले, "काय झालं, सांग तरी." मी भिंतीकडे बघत राहिलो. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी आवडीचे ते एक वाक्य फेकले आणि उठून गच्चीवर जाऊ लागलो. पायऱ्या चढत असताना मागून ऐकू आले, "तुझं तू बघ."

आठ महिने मी ही गोष्ट शेवटच्या वाक्यापासून सांगत आलो होतो. स्वतःला, आईला आणि मित्रांना. आधीचे तीन प्रश्न मी गाळून टाकले होते. अबोला बाबांनी धरला नव्हता, तो मी धरला होता. आणि उत्तर न देण्याचे कारणही मला ठाऊक होते. पहिल्या वर्षात माझे चार विषय राहिले होते. साहित्याची आवड खोटी नव्हती, पण ती मी आड येण्यासाठी उभी केलेली ढाल होती. सुपातले तांदूळ मला दिसेनासे झाले. समोर काका बसले होते. त्यांनी पाहिले. खुणा करायच्या नव्हत्या, म्हणून त्यांनी नुसते आपल्या सुपातले मूठभर निवडलेले तांदूळ माझ्या ढिगात टाकले.

नवव्या दिवशी सकाळी मौन सुटले तेव्हा पहिला आवाज काकांचाच असणार, असे सगळ्यांना वाटले होते. पण ते गप्पच होते. संध्याकाळी आंब्याच्या पारावर मी त्यांना घरचे सगळे सांगितले. परक्या माणसाला सांगणे सोपे जाते. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "मागच्या वर्षी आमची मंडळी गेली. पस्तीस वर्षांत आम्ही किती वेळा अबोला धरला असेल! चार चार दिवस. एकदा तर दिवाळीत. आता घरी सकाळपासून रात्रीपर्यंत कोण बोलत नाही, पण त्याला अबोला म्हणता येत नाही. अबोला धरायलासुद्धा दुसरं माणूस लागतं, तम्मा."

मी काहीच बोललो नाही. अंधार पडू लागला होता. आत प्राणायामाला सगळे बसले होते, आम्हीही जाऊन बसलो. त्या काळोखात तीस माणसांचे श्वास ऐकू येत होते. मला घरची रात्र आठवली. फाउंड्रीची धूळ बाबांच्या छातीत बसलेली आहे. रात्री दोनच्या सुमारास त्यांना खोकल्याची ढास लागते. भिंतीपलीकडून ती मला रोज ऐकू येत असे. आठ महिने मी बाबांचा शब्द ऐकला नव्हता, पण खोकला एकाही रात्री चुकला नव्हता. तो थांबेपर्यंत मी अंथरुणात श्वास रोखून पडून राही. ताईंच्या त्या पहिल्या दिवशीच्या वाक्याचे मूळ कुठे होते, ते मला त्या अंधारात समजले.

दहाव्या दिवशी मोबाईल परत मिळाला. मळवलीच्या फलाटावर बसून मी बाबांचा नंबर लावला. आईचा लावणे सवयीचे होते. बोट तिकडेच वळत होते. पलीकडे यंत्रांचा आवाज आला आणि मग "हॅलो."

"बाबा, मी."

थोडा वेळ नुसता आवाज. "हं."

"रात्रीच्या बसनं निघतोय."

"सकाळी किती वाजता?"

"साडेपाचला वगैरे पोचेल."

"बरं."

साडेपाचला बेळगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा बाबा गणवेश घालूनच स्कूटरजवळ उभे होते. "आलास काय?" ते म्हणाले. "आलो," मी म्हणालो. गोगटे सर्कल, काँग्रेस रोड, फाटक. घरापर्यंत कोणीही बोलले नाही. मान अजून थोडी दुखत होती.

त्यानंतर एकदम सगळे गोड झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. मधून मधून आईला अजूनही निरोप्याचे काम करावे लागते. पण एका रविवारी सकाळी बाबा गच्चीवर आले. मी श्वास मोजीत बसलो होतो. ते कठड्याला टेकून उभे राहिले. मी डोळे उघडले आणि जे तीन वेळा विचारले गेले होते त्याचे उत्तर दिले. "माझे चार विषय राहिले होते, बाबा."

"ठाऊक हाय," बाबा म्हणाले. "कॉलेजचा मेसेज माझ्याच मोबाईलवर आला होता."

"मग बोलला का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

एवढेच. ते खाली गेले आणि मी तिथेच बसून राहिलो. म्हणजे त्या आठ महिन्यांत घरात दोन माणसे गप्प होती, पण दोघांचे गप्प बसणे एक नव्हते. माझा अबोला होता. बाबांचे जे होते त्याचे नाव मी मळवलीला जाऊन शिकून आलो होतो. त्यांना ते कोणी शिकवले नव्हते.

आता सुट्टीच्या दिवशी बाबा दहा मिनिटे माझ्याशेजारी बसतात. डॉक्टरांना विचारून घेतले आहे. कुंभक नाही, फक्त सावकाश श्वास घेणे आणि त्याहून सावकाश सोडणे. खोकला गेलेला नाही, औषध चालू आहे आणि धूळही रोज छातीत जातेच आहे. रात्री दोनला ढास लागते. पण आता मी अंथरुणात पडून राहत नाही. उठून पाणी नेऊन देतो. "झोप जा," ते म्हणतात. "झोपतो," मी म्हणतो.